गहिनीनानांच्या शेंगा

गहिनीनानांच्या तोंडात एकही दात नव्हता, आणि तरी रोज संध्याकाळी ते पुणतांबा स्टेशनाबाहेर बनुआत्याच्या टोपलीतून भाजलेल्या शेंगांचा एक पुडा घ्यायचे. घ्यायचे आणि वाटेत जो भेटेल त्याच्या हातावर ठेवायचे. उरल्या तर फलाटावर हिंडणाऱ्या बकऱ्यांची चंगळ. खलबत्त्यात कुटून खाता का म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो. ते नुसते हसायचे आणि काठी टेकत पुढे जायचे. हे पंचवीस-तीस वर्षं चाललं होतं. मी हायस्कुलात मराठी शिकवतो, माणसं वाचता येतात असा मला तेव्हा तोरा होता, पण हा माणूस शेंगा का घेतो हे विचारावंसं मलाही कधी वाटलं नाही.

नाना मूळचे काष्टीचे. मूकपटाच्या काळात एका फिरत्या सिनेमावाल्याच्या तंबूत ते 'सांगणारे' होते. आताच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. पडद्यावरची माणसं तोंड हलवायची पण आवाज नसायचा, आणि मधेमधे जी अक्षरं यायची ती वाचणारे तंबूत चार-पाचच. म्हणून पडद्याशेजारी हातात छडी घेऊन एक माणूस उभा राहायचा. राजा आला की राजाच्या आवाजात बोलायचा, राणी आली की बारीक आवाज काढायचा, घोडे धावले की टाळ्यांनी टापा वाजवायचा. सिनेमात काय आहे याच्याशी त्याच्या बोलण्याचा संबंध असलाच पाहिजे असं नव्हतं. लोकांना हसवलं, रडवलं की झालं. नाना या कामात इतके तरबेज होते की जत्रेत लोक चित्र कोणतं हे न विचारता सांगणारा कोण हे विचारायचे.

मग बोलपट आला आणि पडद्यालाच तोंड फुटलं. मालकानं नानांना तिकिटं फाडायला बसवलं, पुढे तेही काम गेलं. तेव्हा हा एकटा माणूस काष्टीला न जाता पुणतांब्यात येऊन राहिला. इथे त्यांचं कोणी नव्हतं. पत्र्याचा भोंगा घेऊन दवंडी द्यायची, लग्नात पंगती सांभाळायच्या, अशी मिळतील ती कामं करत ते म्हातारे झाले.

एकाहत्तर साली विल्सन मास्तरांनी त्यांना पुन्हा पडद्याशेजारी उभं केलं. मास्तर नगरच्या मिशन शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्या पत्नी कृपाबाई आमच्या गावच्या दवाखान्यात नर्स, म्हणून निवृत्त झाल्यावर ते इथे आले. त्यांना सिनेमाच्या जुन्या सामानाचं वेड. स्टेशनाजवळची गुळाची रिकामी वखार त्यांनी घेतली, स्वतःच्या हातानं पाटी रंगवली आणि तिथे चित्रपटांचं संग्रहालय मांडलं. संग्रहालय म्हणजे काय, तर हातानं फिरवायची दोन यंत्रं, काचेवरची रंगीत चित्रं, जाहिरातींचे कागद, तंबूचा एक फाटका तुकडा आणि नानांचा भोंगा. पावसाळ्यात अजून गुळाचा वास सुटायचा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी खिडक्यांना गोणपाट लावून मास्तर एखादं जुनं रीळ दाखवायचे. जुनी फिल्म भुर्रकन पेट घेते, म्हणून वाळूच्या दोन बादल्या जवळ असायच्या आणि बिडी ओढणाऱ्याला ते हाताला धरून बाहेर काढायचे. मी फावल्या वेळात नोंदवही लिहायचो. नाना सांगायचे. पासष्टी ओलांडलेला, बोळक्या तोंडाचा माणूस, पण अंधार झाला की राणीचा आवाज तसाच बारीक निघायचा.

त्र्याहत्तरच्या चैत्रात मास्तरांनी काष्टीच्या एका बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचं भंगार आणलं. त्यात एक गंजका डबा निघाला. त्यावर तेलरंगात लिहिलं होतं, 'पुणतांबे घाट'. मास्तर लहान मुलासारखे नाचायचे बाकी राहिले. मूकपटाच्या दिवसांत मुंबईची एक कंपनी एका पौराणिक चित्राच्या कामासाठी इथे येऊन राहिली होती, तेव्हा तिनं घाटावरची माणसंही टिपली होती. ते उरलेलं रीळ फिरत्या सिनेमावाल्यानं घेतलं आणि मोठ्या चित्राआधी दाखवायला ठेवलं. सात-आठ मिनिटांचा मामला. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी पत्रकं छापली: चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं आपलं गाव बघा, सांगणार गहिनीनाथ, तेव्हाचेच. दुष्काळानं गोदावरी आटली होती, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, आणि चित्रातही त्या दिसतात म्हणून मास्तर आणखीच खूष.

नाना मात्र पत्रक हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, घसा बसलाय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, रीळ सडलंय, लावू नका. तिसऱ्या दिवशी डबाच नाहीसा झाला.

मी तापट आहे, हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे. वखारीची किल्ली तिघांकडेच, तेव्हा मी तडक नानांच्या खोलीवर गेलो आणि त्यांची पत्र्याची पेटी उघडायला लावली. धोतराच्या घडीखाली डबा होता. मी त्यांना नाही नाही ते बोललो. या वयात चोरी करता, मास्तरांच्या मिठाला जागत नाही, असंही म्हणालो असेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला बसायला सांगितलं आणि समोर उकिडवे बसून, माझ्याकडे न बघता, सांगायला लागले.

त्या रिळात एक तरुण बाई घागर भरते, कडेवर घेते आणि मागं वळून हसते. एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम. सांगणाऱ्यानं तिथं काय सांगावं? म्हणून पहिल्याच खेळाला नानांनी बारीक आवाज काढून, डोळा मिचकावून म्हटलं, "पाव्हनं, घागर जड हाय, जरा हात लावा की." तंबू हसून लोटपोट झाला. मालक म्हणाला, हे कायम ठेव. नानांनी ठेवलं. गावोगाव ठेवलं. श्रीगोंद्याकडे, कर्जतकडे, जिथे जत्रा तिथे.

ती बाई म्हणजे बनुआत्या. तेव्हा तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं, माहेरी आली असताना कंपनीवाल्यांनी तिला टिपलं होतं. तिचं सासर मिरजगाव. तंबू मिरजगावच्या जत्रेला गेला तेव्हा तिचा नवरा सहादेव मित्रांबरोबर पुढे बसला होता. आपली बायको पडद्यावर दिसते, वळून कोणाकडे तरी हसते, आणि असं बोलते. मित्रांनी ते वाक्य त्याला घरापर्यंत ऐकवलं. आठ दिवसांत बनुआत्या माहेरी आली ती कायमची.

एवढं ऐकून मी म्हणालो, की तुम्हाला काय ठाऊक असणार, तुमचं कामच ते.

"पुढं कळलं की," नाना म्हणाले. "वर्सानं तंबू हितं आला, तवाच कळलं. तरी मी म्हनत ऱ्हायलो. अजून दोन वर्सं म्हटलं. ती बापाच्या घरात बसल्याली, घर घाटाला लागून, आन् तंबू वाळवंटात. हसनं तिच्या दारापर्यंत जात हुतं गुरुजी. मला ते म्हाईत हुतं, आन् लोक हसले की मला बरं वाटायचं."

ते वाक्य मलाही पाठ होतं. बनुआत्या स्टेशनाबाहेर शेंगा विकायला बसायची तेव्हा आम्ही पोरं तिच्यामागं हेच ओरडायचो. पाव्हनं, हात लावा. हे कुठून आलं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या आधीची पोरं ओरडायची, आमच्यानंतरचीही ओरडली. बनुआत्या टोपली डोक्यावर घ्यायला कोणाला तरी बोलवायची आणि आम्ही भिंतीआडून नेमकं तेव्हाच ओरडायचो, मग ती एकटीच टोपली उचलायला लागायची. तिनं कधी दगड मारला नाही की शिवी दिली नाही. आता मी गावचा गुरुजी, पोरांना शिस्त लावणारा, आणि मी चोर म्हणून ज्याची पेटी उघडली तो माझ्यापुढं सगळं कबूल करत होता. माझं मात्र मी त्याला सांगितलं नाही.

उलट शहाणपणा शिकवला. म्हणालो, झालं ते झालं, उकरून काय उपयोग. घाटाबद्दल बोला, पायऱ्यांबद्दल बोला, ती बाई येईल तेव्हा गप्प राहा. बनुआत्या काही येत नाही, ती कधी कुठल्या खेळाला गेली आहे? नानांनी मान डोलावली. डबा मी माझ्या पिशवीतून परत नेला आणि मास्तरांना सांगितलं, यंत्रामागे पडला होता.

रविवारी वखारीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. खडी फोडायच्या कामावरची माणसंही सुट्टी म्हणून आली होती. गोणपाट लावायच्या आधी दारात बनुआत्या दिसली. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. चाळीस वर्षं तिनं त्या नवऱ्याच्या नावाचं कुंकू लावलं होतं आणि चार वर्षांपूर्वी मिरजगावहून निरोप आला तेव्हा पुसलं होतं. बरोबर तिचा धाकटा भाऊ रंगनाथ होता. पत्रक रंगनाथच्या मुलानं तिला वाचून दाखवलं होतं. मास्तर नगरचे, त्यांना काय ठाऊक. त्यांनी तिला म्हातारं माणूस म्हणून अगदी पुढं बसवलं. ज्या चित्रानं तिचं सगळं गेलं ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी तिच्यामागं दोन ओळी सोडून बसलो. उठून मास्तरांना थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही.

अंधार झाला, यंत्र कुरकुरायला लागलं. नाना छडीनं दाखवत होते: या पायऱ्या, हा पिंपळ, हे होडीवाले. आवाज सपाट होता. लोक नावं ओळखत होते, हा आमचा आजा, ती तांबोळ्याची म्हैस. आणि मग ती आली. अठरा वर्षांची बनुआत्या, नाकीडोळी नीटस, घागर भरून कडेवर घेतली आणि मागं वळून हसली. नाना गप्प. मागून कोणीतरी, आवाजावरून चांगला पन्नाशीतला माणूस, हेल काढून म्हणाला, पाव्हनं, हात लावा की. अर्धी वखार हसली. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी पुढच्या ओळीकडे बघितलं.

नानांची छडी खाली पडली. आवाज राणीचाही नव्हता, राजाचाही नव्हता, म्हाताऱ्याचा होता.

"ही बनुबाई. ती काय बी बोल्ली न्हाई. ते मी बोल्लो हुतो. लोकं हसावीत म्हनून, माझ्या मनचं. तिच्या तोंडात मी घातलं."

तोवर पडद्यावर दुसरीच माणसं आली होती. हातानं फिरवायचं यंत्र मधेच थांबवता येत नाही, दिव्याच्या उष्णतेनं फिल्म जळते, म्हणून मास्तर बिचारे रीळ संपेपर्यंत फिरवत राहिले. मग बनुआत्यानं मास्तरांना सांगितलं, पुन्हा एकदा लावा. त्यांनी लावलं. या वेळी ती वळून हसली तेव्हा रंगनाथ उभा राहिला आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक चारेक वर्षांचं पोर होतं, चिखलानं माखलेलं, पाण्यात बसकण मारलेलं. "मी हाय तो," तो म्हणाला. "माझ्याकडं बघून हसतीया."

गोणपाट काढलं, उजेड आला. नाना पडद्यापाशीच उभे होते, हात जोडून. बनुआत्या गुडघ्यावर हात टेकून उठली. तिचा राग दिसत नव्हता, तेच बघवत नव्हतं.

"हे मिरजगावात सांगायचं हुतं," ती म्हणाली. "ऐकायला मानूस हुतं तवा."

पुढच्या आठवड्यात नानांनी मास्तरांकडे यंत्र मागितलं. मास्तरांना आता सगळं कळलं होतं, त्यांनी यंत्र, रीळ आणि वाळूची एक बादलीसुद्धा दिली. मी ओझं उचलायला बरोबर गेलो. नगरपर्यंत रेल्वे, तिथून एसटी. मिरजगावच्या शाळेत एका वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही रीळ दाखवलं. पस्तीस-चाळीस माणसं आली. नानांनी पडद्याशेजारी उभं राहून तेच सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. लोकांनी शांतपणे ऐकलं आणि मग एकमेकांना विचारायला लागले, कोण बनुबाई. सहादेवाला दुसरी बायको होती, मुलं होती, नातवंडं होती. पहिली कोणाला आठवतच नव्हती.

एकीला आठवली. सहादेवाची भावजय, साळूबाई. म्हातारी आम्हाला घरी घेऊन गेली, चहा केला, आणि सगळं सरळ सांगून टाकलं. भाऊजींनी दुसरं लगीन पाच वर्षांनी केलं. तोवर ते बनूला आणायला दोनदा निघाले होते. पहिल्यांदा गाडी जुंपली होती. वेशीपर्यंत गेले, तिथे पारावर बसलेल्यांनी त्यांना बघून ते वाक्य म्हटलं, आणि ते माघारी वळले. दुसऱ्या वेळी नगरपर्यंत गेले होते. तिथे तंबू लागला होता, आत हाच खेळ चालू होता, आणि बाहेर हसणं ऐकू येत होतं.

नानांनी विचारलं, हे कोणत्या साली. साळूबाईनं बोटं मोजून सांगितलं. नानांनी कप खाली ठेवला. ते दुसरं वर्ष होतं, सगळं कळल्यानंतरचं.  परतीच्या गाडीत मी त्यांना म्हणालो, की बनुआत्याला एवढंच सांगा की लोकांनी ऐकलं, तिचे सासरचे हळहळले. बाकीचं कशाला? ते म्हणाले, तिच्या बाबतीत मनचं बोलून झालं माझं.

संध्याकाळी आम्ही स्टेशनावर उतरलो तेव्हा ती टोपलीशी बसली होती. नाना तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. कोणाला ती आठवत नाही, हे सांगितलं. गाडी जुंपली होती, हे सांगितलं. नगरच्या तंबूत तेव्हा सांगणारा कोण होता, तेही सांगितलं.

"दोनदा निघाले हुते?" तिनं विचारलं.

"व्हय. दोनदा."

ती बराच वेळ शेंगा चाळत राहिली. एक गाडी आली आणि गेली, पण ती उठून डब्यांकडे गेली नाही. मग नानांनी सवयीनं पुड्यासाठी हात पुढं केला, तेव्हा तिनं पुडा बांधला नाही.

"तुमाला दात न्हाईत," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासनं मला म्हाईत हाय तुमी कोन. रोज वाटायचं, आज बोलतील. ते असताना बोलला असता तर मीच गाडी करून गेले असते. आता नगा येऊ शेंगा घ्यायला."

नाना त्यानंतर गेले नाहीत. ती वेळ झाली की वखारीच्या पायरीवर, स्टेशनाकडे पाठ करून बसायचे. रविवारच्या खेळाला छडी घेऊन उभे राहायचे, पण पडद्यावर जे लिहिलं असेल तेवढंच वाचायचे, वर एक शब्द नाही. लोकांना ते कंटाळवाणं वाटायला लागलं आणि गर्दी कमी झाली. पुढच्या पावसाळ्यात नाना गेले. त्यांच्या पेटीत धोतराखाली ते पत्रक निघालं.

ते गेल्यावर शेंगा मी घ्यायला लागलो. शाळेतून येताना वाकडी वाट करून जायचो. मला दात आहेत, मी त्या खातोही. पण खरं कारण ते नव्हे, आणि रोज पुडा घेताना मी ठरवायचो की आज सांगायचं. वर्षभर ठरवत होतो.

एक दिवस टोपली उचलू लागायला मी हात लावला, तेव्हा बनुआत्याच म्हणाली, "राधाकिस्ना, तू नगं लावून घेऊ मनाला. पोरं वरडायचीच. तू तर लई लहान हुतास."

मी लहान नव्हतो. मी चौदा वर्षांचा होतो आणि त्या वाक्याचा अर्थ मला पुरता कळत होता, म्हणूनच तर ओरडायला मजा यायची. हे तिला सांगायला तोंडापर्यंत आलं होतं. मी मान डोलावली आणि शेंगा घेऊन घरी आलो.